ग्रीसच्या सुट्टीत नव्या ढंगाच्या ग्रीक हॉटेलात जेवताना: मेनू, शाकाहार, मासे आणि बिल

रंकाळा_चौपाटी (धागाकर्ता)

मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत ग्रीसला जायचं म्हणणारे कोल्हापुरातही आता बरेच भेटतात. व्हिसा, विमान, बोटी यांवर सगळीकडे चर्चा असते. जेवणाचं मात्र 'तिकडं काय, सॅलड नि चीज' एवढ्यावर मिटवतात. म्हणून हा धागा. विषय एकच: नव्या ढंगाच्या ग्रीक हॉटेलात बसल्यावर काय मागवायचं, काय विचारायचं आणि बिल कसं वाचायचं. सुरुवात मी करतो, चुकेल तिथे दुरुस्त करा.

आधी पाट्या ओळखा. 'तावेर्ना' म्हणजे साधं घरगुती हॉटेल. 'प्सारोतावेर्ना' माशांचं. 'प्सिस्तारिया' कोळशावर भाजलेल्या मांसाचं. 'मायिरिओ' म्हणजे जवळजवळ आपली खानावळ: पातेल्यात सकाळी शिजवलेलं दुपारी वाढतात. 'मेझेदोपोलिओ'त छोट्या बश्या मागवत गप्पा मारत बसायचं. नव्या ढंगाची हॉटेलं यातल्याच पदार्थांना नवं रूप देतात. मेनू एकाच पानाचा, मोसमाप्रमाणे बदलणारा. बशी लहान, मांडणी देखणी, आणि बहुतेक सगळं मध्ये ठेवून वाटून खायचं. आपल्या थाळीची सवय इथे पहिल्यांदा आड येते. थाळीत सगळं एकदम समोर येतं आणि रस्सा पुन्हा मागता येतो. इथे जे तयार होईल ते आधी येतं आणि दुसऱ्यांदा मागितलं की दुसऱ्यांदा पैसे पडतात.

चौघांसाठी अंदाज: एक सॅलड, तीन-चार मेझे (म्हणजे त्या छोट्या बश्या), दोन मुख्य पदार्थ, झालं. माणशी एक मुख्य पदार्थ सांगितला की हमखास उरतं. आधी मेझे आणि सॅलडच सांगा, मेनू हातातच ठेवा, ते संपत आल्यावर पुढचं सांगा. सगळं एका दमात सांगितलं तर स्वयंपाकघर सगळं एकदम सोडतं आणि टेबलावर जागा उरत नाही. 'सिगा सिगा' म्हटलं की हळूहळू आणा हे त्यांना कळतं.

वेळ: दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. सात वाजता हॉटेल रिकामं दिसलं म्हणून ते वाईट ठरत नाही, गावातली माणसं अजून आलेली नसतात. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर ती सातची वेळच बरी. वेटरला सवड असते, प्रश्न विचारता येतात.

बावड्याचा_भावा

थाळी नाही, रश्श्याची वाटी पुन्हा नाही, वर नऊ वाजेपर्यंत उपाशी. भावा, सुट्टी आहे का शिक्षा?

पांढरा_रस्सा

शाकाहारी मंडळींनी हे आधी वाचा. आपल्या गावच्या माणसाला सांगायला नको की रंग पांढरा म्हणून पदार्थ सोवळा होत नाही. पांढऱ्या रश्श्यात मटणाचा तुकडा नसला तरी तो मटणाच्या पाण्यावरच उभा असतो. ग्रीक मेनूतही नेमकं हेच आहे आणि चूक तिथेच होते.

क्रीट बेटावरचा 'गामोपिलाफो' हा लग्नाचा भात. दिसायला निव्वळ पांढरा, मऊसर, तुकडा एकही नाही. पण तो मटणाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजतो. मेनूत 'क्रीटचा पिलाफ' एवढंच लिहिलेलं असू शकतं.

'क्रिथारोतो' नव्या हॉटेलांचा लाडका पदार्थ. तांदळाच्या आकाराचा पास्ता असतो, तो थोडं थोडं गरम पाणी घालत शिजवतात. मशरूमचा क्रिथारोतो असला तरी घातलेलं पाणी कोंबडीचं असू शकतं. वेटरला 'यात मांस आहे का' विचाराल तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणेल, कारण तुकडा नसतोच. म्हणून प्रश्न असा विचारा: 'एही झोमो क्रेआतोस?' म्हणजे यात मांसाचं पाणी आहे का.

'आव्गोलेमोनो' ही अंडं आणि लिंबाची फेटलेली पिवळसर पांढरी कालवणी. सूपवर असते, कोबीच्या डोल्म्यांवर (पानात सारण गुंडाळलेल्या वळकट्यांवर) असते. अंडं न खाणाऱ्यांनी नाव पाठ करावं, 'आव्गो' म्हणजे अंडं.

'सागानाकी' म्हणजे तळलेलं चीज, हे अर्धंच खरं. सागानाकी हे त्या छोट्या दोन कानांच्या तव्याचं नाव. त्या तव्यात कोळंबी शिजवली की तीही सागानाकी, शिंपले शिजवले की तेही. शेवटचं नाव वाचून ऑर्डर देऊ नका, पहिलं वाचा.

'पापुत्साकिया' म्हणजे छोटे बूट. वांगं उभं कापून त्यात खिमा, वर पांढरा सॉस. शेजारीच 'इमाम बायिल्दी' असतं, तेही वांगंच, पण त्यात कांदा-टोमॅटो-लसूण आणि भरपूर तेल, मांस नाही. फोटोत दोन्ही सारखी दिसतात. चप्पलच्या गावच्या माणसाने बुटापासून लांब राहावं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

रस्सासाहेब, छान यादी. पण वाचून शाकाहारी माणूस तिकिटच रद्द करेल. खायला भरपूर आहे, शब्द माहीत हवेत.

सगळ्यात कामाचा शब्द 'लादेरा'. तेलात मंद शिजवलेल्या भाज्या: भेंडी (तिकडे 'बामियेस'), फरसबी, मटार, वांगी-बटाटा-दोडक्यासारख्या झुकिनीचं 'ब्रियाम'. हे बहुतेक दूध-अंड्याशिवायच असतात. दोन गोष्टींवर आपली माणसं कुरकुरतात. एक, हे कोमट किंवा गारच येतं. तो उशीर नाही, तशीच पद्धत आहे, निवल्यावर तेल आणि टोमॅटो एकजीव होतात. दोन, बशीत तेल तरंगतं. मिसळीवरची तर्री चालते ना, मग हेही चालवून घ्या. पाव त्यात बुडवून खातात, त्याला 'पापारा' म्हणतात. भेंडी चिकट होऊ नये म्हणून ती आधी व्हिनेगर लावून ठेवतात. पण आपल्यासारखी कुरकुरीत नसते, मऊ असते.

'येमिस्ता' म्हणजे भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची. आत भात, पुदिना, कधी खिमा. खिमा नसलेल्यांना 'ओर्फाना' म्हणतात, म्हणजे अनाथ. द्राक्षाच्या पानांचे 'दोल्मादाकिया' मांसाशिवाय असतील तर 'यालांत्झी', हा तुर्की शब्द, अर्थ खोटे. अनाथ आणि खोटे हे दोन शब्द आपले.

'होर्ता' म्हणजे उकडलेली रानभाजी, वर लिंबू आणि कच्चं तेल. उन्हाळ्यात 'व्लिता' असते. ती माठाच्याच कुळातली. सॅलडमध्ये 'ग्लिस्त्रीदा' दिसली तर ती आपली घोळ. इतक्या लांब जाऊन घोळीची भाजी, आणि तीही युरोत! पण लिंबू-तेलात कच्ची फार चांगली लागते.

'होरियातिकी' हे गावाकडचं सॅलड: टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वर फेटा चीजची अख्खी वडी आणि ओरेगानो. त्यात कोबीसारखी पानं नसतात. पानांचा ढीग आला तर तो पर्यटकांसाठी केलेला समजा. नव्या हॉटेलांत त्याचा भाऊ 'दाकोस' मिळतो. जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि ताजं चीज, ही क्रीटची खासियत. आल्या आल्या खाल्ला तर दात दुखतात. पाच मिनिटं थांबा, टोमॅटोचं पाणी मुरू द्या.

गुजरी_कोपरा

दोन प्रश्न. १) चीजमध्ये जनावराच्या आतड्याचं विरजण असतं म्हणतात, फेटात असतं का? २) कांदा-लसूण-बटाटा नाही आणि सूर्यास्तापूर्वी जेवण, असं चार माणसांचं जमेल का? मे महिन्यातही जायचं आहे, दिवाळीतही चालेल.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

१) हो, पारंपरिक पद्धतीत वासरू-कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात, तिकडे 'पितिया' म्हणतात. फेटा २००२ पासून युरोपात संरक्षित नाव आहे. किमान ७० टक्के मेंढीचं दूध, उरलेलं शेळीचं, खारवणीत निदान दोन महिने मुरवलेलं. गायीचं दूध त्यात नसतं. विरजण कुठलं हे वेटरला सहसा माहीत नसतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी फेटा, ग्राविएरा, केफालोतिरी सगळंच सोडावं आणि लादेरावर भर द्यावा.

२) मे महिन्यात सोपं. सूर्यास्त साडेआठच्या आसपास, त्यामुळे सातला बसलात तर जेवण उजेडात होतं. दिवाळीत अवघड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, मग अथेन्सला साडेपाचच्या आसपास अंधार. नवी हॉटेलं तोवर उघडतच नाहीत. तेव्हा दुपारी तीनच्या सुमाराला तावेर्नात मुख्य जेवण उरका. शिवाय ऑक्टोबर संपला की बेटांवरची बरीच हॉटेलं मोसम संपला म्हणून बंद होतात. दिवाळी नोव्हेंबरात आली तर अथेन्स, थेस्सालोनिकी, नाही तर क्रीटमधली हानिया-इराक्लिओ ही मोठी शहरं धरा.

कांदा-लसणाशिवाय: होरियातिकी 'होरीस क्रेमीदी' (कांद्याशिवाय), होर्ता, भाजलेली झुकिनी-वांगी-मिरची. 'होरीस स्कोर्दो' म्हणजे लसणाशिवाय. लादेरा मात्र चालणार नाही, कांदा त्यात विरघळलेला असतो, काढता येत नाही. पालकाच्या 'स्पानाकोपिता'त पातीचा कांदा असतो, बऱ्याचदा अंडंही.

पंचगंगा_घाट

एक मोठा गोंधळ राहिला: 'निस्तीसिमो'. मेनूत हा शब्द दिसला की लोक म्हणतात, उपासाचं, म्हणजे शाकाहारी. नाही! तिकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासात मांस, दूध, अंडी, मासे बंद असतात. पण कोळंबी, माकुल, ऑक्टोपस, शिंपले चालतात, कारण त्यांच्यात रक्त नाही अशी समजूत. उपासाच्या पाटीखाली ऑक्टोपस सापडणं हा तिकडचा नियमच आहे. आपला साबुदाणा तिकडे शोधू नका.

मात्र दूध-अंडं न खाणाऱ्यांना ईस्टरआधीचे सहा-सात आठवडे पर्वणी असते, मेनूत निस्तीसिमो पदार्थ वाढतात. २०२७ मध्ये त्यांचा ईस्टर २ मे रोजी आहे, आपल्या शाळांच्या सुट्टीत. ईस्टरच्या मध्यरात्री 'मायिरित्सा' सूप असतं, कोकराच्या आतड्या-काळजाचं. वजडी आवडणाऱ्यांनी सोडू नये. दुसऱ्या दिवशी सगळीकडे अख्खं कोकरू सळईवर. त्या दोन दिवसांत शहरातली कितीतरी हॉटेलं बंद, उघडी असतील तिथे आधी सांगून ठेवलेलं टेबल हवं. १५ ऑगस्टला त्यांचाही मोठा सण. अथेन्सकर तेव्हा गावी जातात आणि चांगली हॉटेलं आठवडा-पंधरवडा कुलूप लावतात.

आता मासे, खरा खर्च इथेच होतो. ताजा मोठा मासा किलोवर विकतात. मेनूत आकडा असतो तो किलोचा, बशीचा नव्हे. वजन अख्ख्या माशाचं, साफ करण्याआधीचं. किलोला ८० युरो आणि मासा ९०० ग्रॅमचा असेल तर ७२ युरो झाले, आणि त्यातलं डोकं-काटा बशीतच राहणार. मागवतानाच विचारा: 'पोसो झिगीझी?', किती भरला. वजन तोंडी नको, वजनकाट्यावर बघा आणि एकूण किंमत मासा आत जायच्या आधी ठरवा. 'आजचा खास मासा' असं तोंडी सांगून किंमत न सांगणाऱ्या हॉटेलात तो मासा मागवू नये.

'त्सिपुरा' आणि 'लावराकी' हे मासे बहुतेक मत्स्यशेतीतले असतात, एका माणसाला एक येतो, स्वस्त पडतात, चवीला वाईट नाहीत. समुद्रातलाच हवा असेल तर तसं विचारा आणि दुप्पट-तिप्पट किमतीची तयारी ठेवा. पदार्थापुढे तारा किंवा 'कात.' अशी खूण असेल तर तो गोठवलेला. माकुल आणि कोळंबीला ती बऱ्याचदा असते. लपवलेलं नसतं, पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरात. 'गावरोस', 'मारिदा' ही छोटी तळलेली मासळी मात्र ताजी आणि स्वस्त असते. मारिदा तर डोक्यासकट खातात.

ऑक्टोपस चांगला असेल तर वरून किंचित करपलेला, आतून मऊ, दाताला थोडा ताण देणारा. रबर झाला असेल तर न शिजवता सरळ भाजलेला, पिठासारखा झाला असेल तर जास्त शिजलेला. दोन्ही परत पाठवण्यासारखे. नवी हॉटेलं तो फाव्यावर ठेवून देतात, ती जोडी खरंच जमलेली आहे.

बावड्याचा_भावा

फावा म्हणजे काय ते कुणी सांगेल का, तीनदा वाचला शब्द. आणि मटणाचं बोला की जरा. इथं सगळे पाला खाऊन राहिलेत.

पांढरा_रस्सा

फाव्याचं दूधकट्टा सांगतील. मटण असं:

आपण मटण म्हणतो ते बोकडाचं. ग्रीक मेनूत 'आर्नी' म्हणजे कोकरू, 'कात्सिकी' बोकड, 'प्रोवातिना' मोठी मेंढी. वास उग्र नको असेल तर कात्सिकी बघा, नसेल तर आर्नी. प्रोवातिना चवीला जोरकस, सगळ्यांना झेपत नाही. 'पाइदाकिया' म्हणजे कोकराच्या पातळ चापा, कोळशावर, वर मीठ-लिंबू-ओरेगानो. यांनाही किलोचा भाव. चौघांना एक किलो, बाकी मेझे असतील तर पाऊण किलो पुरतो. 'क्लेफ्तिको' कागदात गुंडाळून तासन् तास मंद आचेवर ठेवलेलं, हाडापासून सुटतं. 'शिजलंय की नाही' विचारायची वेळ येत नाही.

गोमांस न खाणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. 'मोस्खारी' म्हणजे गाय-वासराचं मांस. मुसाका (वांगं-खिम्याचे थर), पास्तीत्सिओ (पास्ता-खिम्याचे थर), सुत्झुकाकिया (सॉसमधले खिम्याचे गोळे) यांतला खिमा बहुतेक त्याचाच, कधी डुकराची भर घातलेली. 'किमास' म्हणजे खिमाच, शब्द एकाच तुर्की मुळातून दोन्हीकडे गेलेला. 'ती किमास ईने?' एवढं विचारलं की पुरतं. 'यीरोस' (फिरत्या सळईवर भाजून कापलेलं मांस) आणि 'सुवलाकी' (काडीवर भाजलेले तुकडे) न सांगता मागवलं की डुकराचं येतं, 'हिरिनो'. कोंबडीचं हवं तर 'कोतोपुलो' म्हणा.

मुसाक्यातून खिमा काढून द्या अशी विनंती करू नका. तो थरावर थर रचून भट्टीत आधीच भाजलेला असतो, ताटात काढताना फक्त कापतात. वरचा जाड पांढरा सॉसही मूळचा नाही. निकोलाओस त्सेलेमेंतेस या आचाऱ्याने गेल्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच वळणाचा तो थर रूढ केला. त्याच्या पुस्तकामुळे ग्रीकमध्ये 'त्सेलेमेंतेस' म्हणजेच पाकपुस्तक. आता नवी हॉटेलं तो थर पातळ करतात, काढतात, कुठे मसूर-मशरूमचा मुसाका देतात. माझ्या मते नव्या हॉटेलांचं खरं काम हेच, तो जड गिलावा उतरवणं.

आणि तिखटाची अपेक्षा नको. जेवणात लिंबू, ओरेगानो, शेपू, पुदिना, मटणाच्या सॉसमध्ये दालचिनी. मिरची जवळजवळ नाहीच. 'बूकोवो' मागा, लाल मिरचीची भरड आणून देतात. 'तिरोकाफ्तेरी' हे फेटाचं तिखट वाटण, नाव 'जळजळीत चीज' असलं तरी आपल्या हिशेबाने फिकं.

बावड्याचा_भावा

कांदा-लसूण चटणीची पुडी खिशात. विषय संपला.

रंकाळा_चौपाटी

पुडी यीरोसच्या गाडीवर काढा, कुणी काही म्हणणार नाही. नव्या ढंगाच्या हॉटेलात आचाऱ्याने मोजून मीठ-आंबट बसवलेलं असतं, तिथे निदान पहिला घास तरी कोरा खा.

दूधकट्टा

फावा: पिवळ्या डाळीचं घट्ट, गुळगुळीत वाटण, वर कच्चा कांदा किंवा परतलेला गोडसर कांदा, केपर (खारवलेल्या कळ्या) आणि तेल. सांतोरिनी बेटाचा फावा प्रसिद्ध, ती डाळ आपल्या लाखेच्या कुळातली. इंग्रजी मेनूत कधीकधी चुकून 'फावा बीन्स' लिहितात, ते वेगळं कडधान्य, त्याला ग्रीकमध्ये 'कुकिया' म्हणतात. हा फरक फक्त शब्दाचा नाही. ज्यांना जी६पीडीची (रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता आहे त्यांना धोका कुकियाचा, त्यांनी वेटरला स्पष्ट विचारावं.

जायच्या आधी जीभ तयार करायची असेल तर तीन गोष्टी इथेच करता येतात.

फाव्यासाठी पिवळ्या वाटाण्याची डाळ पाव किलो, पाणी पाऊण लिटर, एक कांदा. हळद नाही, फोडणी नाही. वरचा फेस काढत पाऊण तास मंद शिजवा, घोटा, मीठ, लिंबू, चार चमचे ऑलिव्ह तेल. पळीवाढं असतानाच उतरवा, निवल्यावर दुप्पट घट्ट होतं. घट्ट होईपर्यंत शिजवलं तर थंड झाल्यावर वडी पडते.

त्झात्झिकीसाठी (काकडी-दह्याचं घट्ट वाटण) अर्धा किलो चक्का. श्रीखंडाचा म्हशीच्या दुधाचा चक्का जरा जास्तच कोरडा असतो, त्यात दोन-तीन चमचे दही फेटून घ्या. एक काकडी किसून, मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि कापडात घट्ट पिळा. इथे कंटाळा केला की तासाभरात त्झात्झिकीची कोशिंबीर होते. लसणाच्या दोन पाकळ्या वाटून, एक चमचा व्हिनेगर, दोन-तीन चमचे तेल, बारीक चिरलेला शेपू. आपला शेपू त्यांच्यापेक्षा उग्र, निम्माच घाला. मिक्सर नको, दही सुटतं. दोन तास फ्रीजमध्ये ठेवून मग खा.

तिसरा, रव्याचा 'हालवास'. याचं माप पाठ करायला सोपं: १, २, ३, ४. एक वाटी तेल, दोन वाट्या जाड रवा, तीन वाट्या साखर, चार वाट्या पाणी. साखर, पाणी, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल पाच मिनिटं उकळा, तार धरू नका. दुसरीकडे तेलात रवा तांबूस भाजा आणि गरम पाक त्यात ओता. जोरात उसळतं, पातेलं खोल घ्या, हात लांब ठेवा. कडा सोडू लागला की भांड्यात थापा आणि निवल्यावर उलटा. पाक गार असला की गुठळ्या होतात, रवा बारीक असला की चिकट लगदा होतो. तूप नाही, दूध नाही, म्हणून उपासाच्या दिवसांतलं त्यांचं हक्काचं गोड. आपल्या शिऱ्यापेक्षा गोड लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

गुजरी_कोपरा

हालवास आम्हाला पूर्ण चालेल! बाकी गोडात काय धोका?

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

नव्या हॉटेलांच्या मूस आणि पानाकोटासारख्या थरथरत्या गोडात जनावरापासूनचं जिलेटिन असतं. 'गालाक्तोबुरेको' (कस्टर्ड भरलेली पापुद्र्यांची वडी) आणि 'पोर्तोकालोपिता'त (संत्र्याचा केक) अंडं. 'लुकुमादेस' हे मधात बुडवलेले गरम गोळे, बहुतेक अंड्याशिवाय, पण विचारा. 'रिझोगालो' म्हणजे थंड तांदळाची खीर, वर दालचिनी. म्हाताऱ्या माणसांना हीच आवडते.

हिशेबनीस

बिलावर कुणीच आलं नाही, मी येतो.

'कुवेर': बसल्या बसल्या पाव, कधी ऑलिव्ह किंवा वाटण येतं. ते फुकट नसतं, माणशी पैसे लागतात, साधारण एक-दोन युरो. नको असेल तर आल्या क्षणी परत करा. निम्मा पाव खाऊन वाद घालू नका. पाण्याची बाटलीही न मागता उघडतात. अथेन्समध्ये नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, तसं सांगा. सांतोरिनीत बाटलीच घ्या.

मेनूतल्या किमतीत कर आलेला असतो, वर काही चढत नाही. मेनूच्या तळाशी एक वाक्य असतं, त्याचा अर्थ असा की रीतसर पावती दिली नाही तर गिऱ्हाईक पैसे द्यायला बांधील नाही. ते शोभेचं नाही, कायद्याचं आहे. हाताने आकडे लिहिलेली चिठ्ठी म्हणजे पावती नव्हे, छापील पावती मागा आणि ओळीओळीने बघा: कुवेर किती माणसांचा, पाणी किती, माशाचं वजन तेच का.

बिल आपणहून आणत नाहीत, ते उद्धट समजतात. 'तोन लोगारियास्मो, पाराकालो' म्हणावं लागतं. त्यानंतर कधी फळांची बशी, गोडाचा तुकडा किंवा मास्तिहाचा (सुगंधी डिंकाची गोड दारू) छोटा पेला येतो. हा 'केरास्मा', हॉटेलकडून, याचे पैसे नाहीत. म्हणून गोड मागवायची घाई करू नका.

कार्ड यंत्रावर 'रुपये की युरो' विचारलं तर युरो. रुपये निवडले की दर यंत्रवाला ठरवतो आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो. टिप सक्तीची नाही. पाच ते दहा टक्के किंवा वरचे सुटे, शक्यतो रोख.

पंचगंगा_घाट

पिणाऱ्यांसाठी दोन ओळी. हॉटेलची सुटी वाइन किलोवर मागतात, 'मिसो किलो' म्हणजे अर्धा लिटर. ऊझो या कडक दारूत आधी पाणी, मग बर्फ. बर्फ थेट टाकला तर बडीशेपेसारख्या वासाचं तेल गोठून वर कण तरंगतात. पाणी घातल्यावर दुधाळ होतो तो दोष नाही, तेच तेल पाण्यात विरघळत नाही म्हणून. ऊझो मेझेबरोबर घोट घोट, गोडाबरोबर नव्हे.

रंकाळा_चौपाटी

टेबलाबद्दल राहिलं. सांतोरिनीत इया गावाला सूर्यास्त दिसणारं टेबल मोसमात कितीतरी आधी राखून ठेवावं लागतं, काही ठिकाणी कार्डावर रक्कम अडकवतात, रद्द करायची मुदत वाचून घ्या. आपले आहाराचे नियम त्याच वेळी लिहून पाठवा. ठरलेल्या सात-आठ पदार्थांचा मेनू असेल तिथे टेबलावर बसून सांगितलेलं त्यांना बदलता येत नाही, कारण पाणी-सॉस सगळं सकाळीच झालेलं असतं. नियम नुसते 'शाकाहारी' नकोत: मांस नाही, मासे-कोळंबी नाही, अंडं नाही, मांसाचं पाणी नाही, असं एकेक लिहा. तोंडी सांगायचं तर 'देन त्रोओ क्रेआस, ऊते प्सारी, ऊते आव्गो'. बाहेरच्या टेबलांवर सिगारेट ओढतात. धूर नको असेल तर आतलं मागा, आत बंदी आहे.

गुजरी_कोपरा

शेवटचं. 'यात अंडं आहे का' विचारलं आणि वेटर 'ने' म्हणाला, तर ते नाही समजायचं ना?

पांढरा_रस्सा

उलट! 'ने' म्हणजे हो. 'ओही' म्हणजे नाही. आणि तोंडाने काही न बोलता भुवया उंचावून मान किंचित मागे नेली, तर तेही नाहीच. आपलं 'न्हाय' तिथे विसरा, नाही तर अंडं पोटात गेल्यावर कळेल.

बावड्याचा_भावा

आणि उरलेल्या चापा?

हिशेबनीस

'ना तो पारो पाकेतो?' पाकीट शब्द ओळखीचाच आहे. बांधून देतात, कुणी वाईट मानत नाही.